लळा आणि वळ

अकबर-बिरबलाची माकडिणीची गोष्ट आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलेली असते. कोरड्या हौदात एक माकडीण आणि तिचं पिल्लू. हौदात पाणी सोडतात. पाणी कमरेशी आलं की ती पिल्लाला कडेवर घेते, गळ्याशी आलं की डोक्यावर घेते. नाकातोंडात पाणी जायला लागल्यावर मात्र त्याच पिल्लाला पायाखाली घालते आणि त्याच्यावर उभी राहते. तात्पर्य, स्वतःच्या जिवापुढे सगळी माया खोटी.

गोष्ट माकडिणीपाशी संपते. पिल्लाचं पुढे काय झालं, हे कोणी विचारत नाही. समजा कोणीतरी वेळेत हौदाचा बोळा काढला आणि पिल्लू वाचलं. मग ते कुठे गेलं असेल? आईपासून लांब, की आईकडेच?

विसाव्या शतकात काही माणसांनी हा प्रश्न खरोखरच विचारला. त्याचं उत्तर शोधण्यासाठी त्यांनी जे केलं त्यातलं बरंचसं आज वाचवत नाही. उत्तर मात्र स्पष्ट मिळालं: पिल्लू त्याच आईकडे परत जातं, आणि आधीपेक्षा घट्ट बिलगतं.

मी या इतिहासाच्या नादी लागले ते माकडांसाठी नाही. एखाद्या बाईला नवऱ्यानं किंवा बॉयफ्रेंडनं मारल्याची बातमी आली की खालच्या कॉमेंट्समध्ये एक वाक्य हमखास असतं: ‘एवढा मारत होता, तर सोडून का नाही गेली?’ विचारणारे सगळेच दुष्ट असतात असं नाही; पुष्कळांना खरंच कळत नसतं. दुसरीकडे रील्समध्ये ‘अटॅचमेंट स्टाईल’, ‘अँक्शस’, ‘अव्हॉयडंट’, ‘ट्रॉमा बाँड’ हे शब्द चहा-बिस्किटासारखे वाटले जातात. हे शब्द आले कुठून, कोणी कशासाठी घडवले, हे शोधत गेलं की त्या कॉमेंटमधल्या प्रश्नाचंही बरंचसं उत्तर हाताला लागतं.

मायेची भीती

बाळाला छातीशी धरावं, हे आज कोणाला सांगावं लागत नाही. पण शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतले शिकलेसवरलेले लोक याच्या बरोबर उलटं सांगत होते. जॉन वॉटसन हे त्यातलं मोठं नाव. माणसाच्या मनात काय चाललंय ते सोडा, तो वागतो कसा तेवढंच मोजा, असं म्हणणाऱ्या वर्तनवादाचे ते प्रवर्तक. १९२० साली त्यांची विद्यापीठातली नोकरी गेली आणि ते जाहिरातीच्या धंद्यात शिरले. १९२८ साली त्यांचं बालसंगोपनावरचं पुस्तक आलं. त्यातला सल्ला असा: मुलांना मिठ्या मारू नका, मुके घेऊ नका, मांडीवर बसवू नका. अगदीच राहवलं नाही तर रात्री झोपताना कपाळावर एकदा ओठ टेकवा. सकाळी हस्तांदोलन करा. आईची फाजील माया मुलाला आयुष्यभराचा पांगळा करते, असं त्यांचं मत.

या मतामागे वर्तनवाद होता, तशी जंतूंची भीतीही होती. अनाथालयांत आणि इस्पितळांत तान्ही मुलं संसर्गानं पटापट दगावत. उपाय म्हणून मुलांना एकमेकांपासून आणि माणसांपासून दूर ठेवलं जाई. दोन पाळण्यांच्या मध्ये चादरी टांगायच्या, भेटायला येणाऱ्यांना अडवायचं, नर्सनी कामापुरता हात लावायचा. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू हॉस्पिटलातले बालरोगतज्ज्ञ हॅरी बॅकविन यांना मात्र दिसलं, की इतकं स्वच्छ ठेवूनही मुलं खंगतात आणि घरी गेली की सुधारतात. बाळाला उचलून घेतल्याशिवाय इथून जाऊ नका, अशा अर्थाची पाटी त्यांनी वॉर्डात लावली.

रेने स्पिट्झ या मानसतज्ज्ञानं १९४५ च्या सुमाराला दोन संस्थांमधल्या मुलांची तुलना केली. एक स्वच्छ अनाथालय. तिथे एकेका नर्सकडे सात-आठ बाळं. दुसरी संस्था म्हणजे स्त्रियांच्या तुरुंगातलं पाळणाघर. तिथे कैदी आया आपापल्या मुलांना स्वतः सांभाळत. अनाथालयातल्या ९१ मुलांपैकी ३४ मुलं दोन वर्षांत मेली. तुरुंगातलं एकही मूल मेलं नाही. खाणं, औषध, स्वच्छता यांत अनाथालय कुठे कमी नव्हतं. उणीव होती ती एका ठरावीक माणसाची. मुलाला पाहून ज्याचा चेहरा फुलेल अशा माणसाची.

चव्वेचाळीस चोर

इंग्लंडमध्ये जॉन बोल्बी नावाचे मनोविकारतज्ज्ञ याच वाटेनं चालले होते. त्यांचा जन्म १९०७ चा, लंडनच्या श्रीमंत घरातला. वडील राजवैद्य. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे मुलांना आया सांभाळत आणि आई दिवसातून तासभर, चहानंतर भेटे. ज्या आयाचा त्यांना लळा होता ती ते चार वर्षांचे होण्याच्या सुमाराला नोकरी सोडून गेली. पुढे बोर्डिंग शाळा. आयुष्यभर ते ज्या विषयावर लिहीत राहिले, तो त्यांच्या घरातच होता.

१९४४ साली त्यांनी ४४ बालचोरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतली १४ मुलं त्यांना वेगळी वाटली. त्यांना कोणाविषयी ओलावा नव्हता, लाज नव्हती, मार बसला तरी काही वाटत नव्हतं. या १४ पैकी १२ मुलं लहानपणी दीर्घकाळ आईपासून तुटलेली होती. उरलेल्या ३० मध्ये अशी मुलं फक्त ५. नमुना छोटा होता आणि पद्धतीत उणिवाही होत्या. पण लळ्याचा आणि दुसऱ्याला इजा करण्याचा काहीतरी संबंध असावा, ही शंका इथे कागदावर आली.

बोल्बींचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांची गोष्ट मला जास्त आवडते. युद्धाला विरोध म्हणून ते सैन्यात गेले नव्हते. ॲना फ्रॉइड यांच्या पाळणाघरात बॉयलर पेटवण्यापासून पडेल ते काम करत. तिथेच मुलांचं निरीक्षण करून नोंदी ठेवायला शिकले. पुढे इस्पितळात एकट्या ठेवलेल्या मुलांचे हाल ते डॉक्टरांना सांगत, तर डॉक्टर म्हणत, मुलं थोडी रडतात आणि मग रुळतात. तेव्हा त्यांनी एक साधा कॅमेरा घेतला आणि १९५२ साली लॉरा नावाच्या अडीच वर्षांच्या मुलीची फिल्म काढली. छोट्याशा शस्त्रक्रियेसाठी ती आठ दिवस इस्पितळात होती. हवं तेवढंच टिपलं असा आरोप होऊ नये म्हणून चित्रीकरणाच्या वेळा आधीच ठरवून घेतल्या होत्या.

लॉरा आरडाओरडा करत नाही. ती शहाण्यासारखी बसते, मध्येच तिचा चेहरा वेडावाकडा होतो, ती आईला हाक मारते, पुन्हा सावरते. आठव्या दिवशी आई न्यायला येते तेव्हा लॉरा आपलं सगळं सामान गोळा करते, आणि चालताना आईचा हात धरत नाही.

लंडनच्या डॉक्टरांना ही फिल्म दाखवली तेव्हा सभेत लोक चिडले. आमच्या इस्पितळांची बदनामी करता, असा सूर होता. रॉबर्टसन मात्र फिल्म दाखवत फिरत राहिले. १९५९ साली ब्रिटिश सरकारच्या समितीनं मुलांच्या वॉर्डात आईवडिलांना वेळेचं बंधन नको, अशी शिफारस केली. आज मुलांच्या वॉर्डात पलंगाशेजारी आई बसलेली दिसते, त्यामागे ही भांडणं आहेत.

रॉबर्टसन आणि बोल्बींनी या मुलांच्या वागण्यात तीन टप्पे पाहिले. आधी मूल निषेध करतं: रडतं, आदळआपट करतं. मग निराश होतं. मग अलिप्त होतं, जणू आई आली काय न आली काय. यातला पहिला टप्पा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे. दुरावलेल्या मुलाच्या रागाकडे बोल्बींनी हट्ट म्हणून पाहिलं नाही. ‘मला सोडून जाऊ नकोस’ असं सांगण्याची ती मुलाची रीत होती.

भारतातून गेलेली माकडं

इथे आपल्या देशाचा संबंध येतो. १९५० च्या दशकात पोलिओच्या लशीसाठी माकडांची मूत्रपिंडं लागत, आणि ती माकडं, उत्तर भारतात देवळांतून आणि स्टेशनांवर दिसणारी ऱ्हिसस जातीची लाल तोंडाची माकडं, इथून पेट्यांत भरून परदेशी जात. वर्षाला लाखाच्या घरात. १९५५ साली लंडनच्या विमानतळावर शेकडो माकडं गुदमरून मेली तेव्हा भारतानं निर्यात काही काळ थांबवली. शेवटी अमेरिकेत या माकडांवर लष्करी प्रयोग होतात हे उघड झाल्यावर १९७८ मध्ये मोरारजी देसाईंच्या सरकारनं निर्यात कायमची बंद केली.

विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी हार्लो नावाचे प्राध्यापक माकडांच्या बुद्धीचा अभ्यास करत. भारतातून येणारी माकडं महाग पडत आणि पुष्कळदा आजारी असत. म्हणून १९५० च्या दशकाच्या मध्यात हार्लोंनी ठरवलं, आपणच पैदास करायची. रोगराई टाळण्यासाठी पिल्लांना जन्मानंतर काही तासांतच आईपासून वेगळं करून बाटलीनं दूध पाजायला सुरुवात झाली. पिल्लं धष्टपुष्ट झाली. फक्त एक विचित्र गोष्ट होती. पिंजऱ्याच्या तळाशी अंथरलेल्या कापडी लंगोटाला ती जिवापाड चिकटत, आणि साफसफाईसाठी तो काढला की थयथयाट करत.

यातून तो प्रसिद्ध प्रयोग निघाला. पिंजऱ्यात दोन खोट्या आया ठेवल्या. एक नुसत्या तारेची. दुसरी लाकडाची, वर स्पंज आणि टॉवेलचं मऊ कापड गुंडाळलेली. आठ पिल्लं घेतली. चौघांना दूध तारेच्या आईकडून मिळे, चौघांना कापडाच्या. जो दूध देतो त्याचा लळा लागतो, असं तेव्हाचे वर्तनवादीही मानत आणि फ्रॉइडचे शिष्यही. पण आठही पिल्लं दिवसाचा बहुतेक वेळ कापडाच्या आईला बिलगून राहिली. दूध तारेकडे असेल तर तिथे जाऊन प्यायची आणि परत यायची. ढोल वाजवणारं यांत्रिक अस्वल समोर सोडलं की पिल्लू धावत कापडाकडे जाई, अंग घासे, आणि जरा वेळानं मान वळवून अस्वलाकडे बघायला लागे. धीर आलेला असे.

१९५८ साली हार्लोंनी हे सगळं अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेसमोर अध्यक्षीय भाषणात मांडलं. विषय होता प्रेम. वैज्ञानिकांच्या सभेत हा शब्द तोवर कोणी गंभीरपणे उच्चारत नसे.

पिल्लू काय करतं

वर्तमानपत्रांतून हार्लोंची ही गोड बाजू गाजली. पुढची बाजू तितकीशी गाजली नाही. कापडाच्या आईकडे वाढलेली पिल्लं मोठी झाली तेव्हा दिसलं, की कापड पुरलेलं नाही. ती एकटी बसून डोलत, स्वतःलाच चावत, दुसरं माकड जवळ आलं की घाबरत किंवा त्याच्यावर तुटून पडत. त्यांना जोडीदार जमत नव्हता. मग काही माद्यांना जबरदस्तीनं गाभण केलं गेलं. त्या आया झाल्या आणि आपल्या पिल्लांकडे ढुंकूनही बघेनात. काहींनी पिल्लांना चावलं, जमिनीवर घासलं. काही पिल्लं मेली.

आणि जी जगली ती परत परत आईकडे गेली. आई ढकलून देई, पिल्लू पाठीवर चढे. आई पुन्हा ओरबाडून काढी, पिल्लू पुन्हा पोटाशी शिरे. हार्लोंनी याच्याही पुढे जाऊन दुष्ट खोट्या आया बनवल्या. एक अचानक हवेचा जोरदार झोत सोडे. एक गदागदा हले. एकीच्या अंगातून बोथट खिळे बाहेर येत. पिल्लं फेकली जात, थांबत, खिळे आत गेले की परत येऊन चिकटत.

घाबरलेलं पिल्लू आईकडे धावतं, हा निसर्गाचा नियम. भीती जितकी जास्त तितकी मिठी घट्ट. आता भीतीचं कारण आईच असेल तर? नियम बदलत नाही. पिल्लाकडे दुसरा नियम नसतोच. ज्या दिशेनं मार येतो त्याच दिशेला त्याचा एकमेव आसराही असतो.

हे प्रयोग क्रूर होते. त्यांच्यावर तेव्हाही टीका झाली. मी त्यांचं समर्थन करत नाही. पण ते झाले, आणि ज्या पिल्लांनी ते भोगलं त्यांनी आपल्याला काय सांगितलं हे विसरलं तर त्यांचं भोगणं दुप्पट वाया जाईल.

पुलावरचं प्रेम

पिल्लांचं झालं. मोठ्या माणसांचं काय? इथे गोष्ट कॅनडात, व्हॅन्कुव्हरजवळच्या कॅपिलानो नदीवर जाते. तिथे एक झुलता पूल आहे. लांबी सुमारे १४० मीटर, खाली ७० मीटरवर खडक आणि पाणी. चालताना पूल डुलतो. १९७४ साली डोनाल्ड डटन आणि आर्थर ॲरन या दोन मानसशास्त्रज्ञांनी या पुलावर एक तरुणी उभी केली. एकट्यानं पूल ओलांडणाऱ्या तरुणांना ती एक छोटी प्रश्नावली देई, एका चित्रावरून गोष्ट लिहायला सांगे, आणि संशोधनाबद्दल जाणून घ्यायचं असेल तर फोन करा म्हणून कागदावर नंबर देई. हाच प्रकार जवळच्या एका ठेंगण्या, भक्कम पुलावरही केला.

झुलत्या पुलावर नंबर घेणाऱ्या १८ पैकी ९ जणांनी फोन केला. भक्कम पुलावरच्या १६ पैकी फक्त २ जणांनी. झुलत्या पुलावरच्यांनी लिहिलेल्या गोष्टींत शृंगारही जास्त होता. तरुणीच्या जागी पुरुष उभा केला तेव्हा हा फरक दिसला नाही.

अर्थ असा लावला गेला: छाती धडधडत होती ती उंचीमुळे, पण समोर तरुणी होती म्हणून धडधड तिच्या खात्यावर जमा झाली. भीती आणि ओढ यांची शरीरातली भाषा जवळजवळ एकच आहे. प्रयोग छोटा होता, त्यावर नंतर वादही झाले. पण ज्यानं पहिल्या डेटला भयपट निवडलाय त्याला हे शास्त्र आधीच ठाऊक असतं.

दरम्यान बोल्बींच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी आधी युगांडातल्या आणि मग बाल्टिमोरमधल्या आया आणि बाळं पाहून लळ्याचे प्रकार मांडले होते. काही बाळं आई परत आली की शांत होतात. काही चिकटतात आणि चिडतातही. काही जणू बघतच नाहीत, लॉरासारखी. १९८७ साली सिंडी हेझन आणि फिलिप शेव्हर यांनी डेन्व्हरच्या एका वर्तमानपत्रात प्रेमाविषयीची प्रश्नावली छापून मिळवलेल्या ६२० उत्तरांवरून दाखवलं, की हेच तीन प्रकार मोठ्यांच्या प्रेमातही दिसतात. तुमच्या रील्समधली ‘अटॅचमेंट स्टाईल’ ती हीच. फरक एवढाच, की संशोधकांनी ती चालू नात्यातली ढब म्हणून मांडली होती आणि आपण ती राशीसारखी वापरतो: तो अव्हॉयडंट आहे, जमायचं नाही.

मार आणि माफी

पुलावरच्या डटनांनी पुढे वेगळाच रस्ता धरला. बायकोला मारल्याबद्दल कोर्टानं समुपदेशनाला पाठवलेल्या पुरुषांबरोबर ते व्हॅन्कुव्हरमध्ये अनेक वर्षं काम करत राहिले. ओढीचा अभ्यास करणारा माणूस हिंसेच्या अभ्यासाकडे वळला. मला यात विसंगती वाटत नाही. तो त्याच पुलावरून पुढे चालत गेला.

या पुरुषांत त्यांना एक नमुना पुन्हा पुन्हा दिसला. बाहेर सज्जन, घरात क्रूर. बायको माहेरी निघाली, मैत्रिणीकडे रमली, नोकरीत पुढे गेली, की यांचा तोल जाई. वरून राग, खाली टाकलं जाण्याची भीती. लहानपणी पुष्कळांनी बापाचा मार आणि अपमान पाहिला-सोसला होता. बोल्बींनी १९७३ च्या आपल्या ग्रंथात विरहाची चिंता आणि राग ही एकाच मुळाची दोन पानं म्हणून दाखवली होती. १९८४ साली त्यांनी घरातल्या हिंसेवर याच अंगानं लेख लिहिला. लॉराच्या वयाच्या मुलाचा ‘जाऊ नकोस’ म्हणणारा राग ऐंशी किलोच्या माणसात उतरला, त्याच्या हातात घराची सत्ता आणि समाजाची मूक संमती आली, की वळ उठतात.

आणि ती का राहते? १९८१ साली डटन आणि सुझन पेंटर यांनी याला नाव दिलं, ते आज ‘ट्रॉमा बाँड’ म्हणून फिरतं. रील्समध्ये त्याचा अर्थ दोघांनी एकमेकांना आपापली दुःखं सांगून जवळ येणं असा झालाय. मूळ अर्थ तो नाही. त्यांनी दोन अटी सांगितल्या. एक, नात्यात सत्तेचा तोल एका बाजूला कललेला असतो. दुसरी, छळ सतत नसतो, अधूनमधून असतो. मध्ये माफी असते, गोडवा असतो. दुसऱ्या अटीचं गणित कबुतरांवरच्या आणि उंदरांवरच्या प्रयोगांतून आधीच माहीत होतं. दर वेळी दाणा मिळाला तर प्राणी दाणा बंद होताच प्रयत्न सोडतो. कधी मिळतो, कधी नाही, असं असलं तर तो खूप जास्त वेळ चोच मारत राहतो. जुगारी मटक्याच्या अड्ड्यावरून उठत नाही त्याचं कारणही हेच.

मी लहान असताना आमच्या चाळीत असं एक घर होतं. पगाराच्या रात्री भिंतीपलीकडून आवाज येत. दुसऱ्या दिवशी तो गजरा आणि मटण घेऊन येई, आणि ती संध्याकाळी केसांत गजरा माळून नळावर येई. बायका म्हणत, मार खाते पण त्याच्याशिवाय घास घेत नाही. म्हणण्यात कीव होती, थोडी थट्टाही होती. आज मला त्या गजऱ्याचं शास्त्र कळतं. मारानं पार मोडलेल्या माणसाला सगळ्यात जास्त आसरा लागतो तो त्याच क्षणी, आणि नेमका त्या क्षणी आसरा देणारा एकच माणूस हजर असतो. ज्यानं मारलं तो. तो रडतो, पाय धरतो. शरीरातली सगळी भीती ओसरते, आणि ती ओसरल्याचं श्रेयही त्यालाच जातं. पुलावरच्या धडधडीसारखंच.

प्रश्न कोणाला विचारायचा

इथे थोडं थांबून दोन गोष्टी सांगायला हव्यात, नाहीतर हा सगळा इतिहास चुकीच्या हातात पडेल.

पहिली: बाई राहते याचं कारण दर वेळी मनात नसतं. पुष्कळदा ते घराच्या भाडेकरारात असतं, पासबुकात असतं, मुलांच्या शाळेत असतं, ‘आता तेच तुझं घर’ म्हणणाऱ्या माहेरात असतं. सोडून जाणं धोक्याचंही असतं. टाकलं जाण्याची भीती ज्याला हिंसक बनवते, त्याला सोडताना तो सगळ्यात हिंसक होऊ शकतो. नवऱ्यानं मारलं आणि पावसानं झोडलं तर दाद कोणाकडे मागायची, असं आपली म्हण विचारते. कायद्यानं त्याला उशिरा उत्तर दिलं: १९८३ साली ४९८-अ आलं, आणि २००५ सालच्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानं लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या स्त्रीलाही संरक्षण दिलं. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागितली ती शंभरातल्या साधारण १४ जणींनी.

दुसरी: बालपणावर सगळं ढकलता येत नाही. बोल्बींचं काम वापरून बायकांना नोकरीवरून घरी बसवण्याचे प्रयत्न झाले. १९७० च्या दशकात मायकल रटर यांनी दाखवलं, की मुलाला हवं असतं ते भरवशाचं माणूस. ते आईच असलं पाहिजे असं नाही, आणि एकच असलं पाहिजे असंही नाही. आजी, मावशी, बाप, शेजारीण, कोणीही चालतं. मार खात वाढलेला प्रत्येक मुलगा मारकुटा होत नाही. जो होतो त्याच्या भीतीचा इतिहास समजून घेता येतो. त्यानं उगारलेल्या हाताचा हिशेब मात्र त्याच्याच नावावर राहतो. म्हणून ‘ती का नाही गेली’ याच्या आधी ‘तो का मारतो’ हा प्रश्न यायला हवा. कॉमेंट्समध्ये तो मला क्वचितच दिसतो.

आणि तरीही तिच्या बाजूनं विचारण्यासारखा एक प्रश्न उरतो. तिला दुसरा आसरा कोणता होता?

डटन आणि पेंटर यांनी १९९३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. छळाच्या नात्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या ७५ स्त्रियांना त्यांनी गाठलं आणि सहा महिन्यांनी पुन्हा गाठलं. सहा महिन्यांत त्या माणसाविषयीची ओढ सरासरी साधारण २७ टक्क्यांनी कमी झाली होती. म्हणजे बरीचशी शिल्लक होती. ज्यांचा छळ अधूनमधून, गोडव्यात मिसळून झाला होता त्यांची जास्त शिल्लक होती. लळा बॅग भरून निघत नाही. तो हळूहळू सुटतो, आणि सुटत असताना पुष्कळदा मागे ओढतो.

हार्लोंच्या प्रयोगशाळेतली एक शेवटची गोष्ट सांगते, कारण ती त्यातली त्यात बरी आहे. १९७२ च्या सुमाराला हार्लो आणि स्टीफन सुओमी यांनी सहा महिने एकांतात वाढून बिथरलेल्या माकडांजवळ नीट वाढलेली, पण वयानं लहान, तीन महिन्यांची पिल्लं सोडली. बिथरलेली माकडं कोपऱ्यात जाऊन बसली. लहान पिल्लं त्यांच्याजवळ गेली आणि बिलगली. त्या वयात पिल्लांना तेवढंच येतं. झिडकारलं तरी ती पुन्हा गेली. काही आठवड्यांत मोठी माकडं कोपऱ्यातून बाहेर येऊ लागली, पुढे खेळायलाही लागली. संशोधकांना वाटत होतं हे नुकसान कायमचं आहे. तसं ते निघालं नाही.

तुमच्या ओळखीत अशी कोणी असेल. पहिल्यांदा तिनं सांगितलं तेव्हा तुम्ही रात्रभर फोनवर होतात. दुसऱ्यांदा तिच्याबरोबर गेलात, सामान आणलंत. ती परत गेली. तिसऱ्यांदा तिचं नाव स्क्रीनवर आलं तेव्हा मनात आलं, आता पुरे, हिलाच कळत नाही. असं वाटणं साहजिक आहे. पण प्रत्येक मित्र, प्रत्येक बहीण, प्रत्येक शेजारीण अशी दमून बाजूला झाली की तिच्याजवळ एकच कापड उरतं, आणि ते त्याच्या अंगावरचं असतं. सहा महिन्यांत २७ टक्के, हा आकडा त्या वेळी आठवावा. तिला उपदेश नको असतो. ‘सांगितलं होतं ना’ तर नकोच. फोन उचलावा. चौथ्यांदाही उचलावा.